मॉन्मथ काउंटीत पुढे वाळू, मागे हिरवी माती, भाजी लावू कुठे?

वाफेवाली
नमस्कार मंडळी, गेल्या वर्षी न्यू जर्सीत मॉन्मथ काउंटीत घर घेतलं, समुद्र गाडीने पंधरा मिनिटांवर. पहिल्यांदाच स्वतःचं अंगण मिळालंय त्यामुळे हौस प्रचंड, पण माती काही कळेना. पुढे नुसती वाळू, पाइप सोडला की दोन मिनिटांत पाणी गायब. मागे वीतभर खणलं की गडद हिरवट माती लागते, हाताला चिकटते आणि चोळली की बारीक हिरवे दाणे दिसतात, मला तर वाटलं कोणीतरी केमिकल ओतलंय. पुढे टोमॅटो लावले, झाडं वाढली पण अर्ध्या टोमॅटोंची बुडं काळी पडली, मेथी उगवली आणि पिवळी पडून तशीच बसली. मागच्या एका कोपऱ्यात आधीच्या मालकांनी बेसमेंटचं खोदकाम पसरलंय, तिथे तर गवतही येत नाही. शेजारी म्हणतात चुना टाक, कोणी म्हणतं खत टाक. सगळी मातीच बदलावी लागेल का?

मातीतलेहात
ताई, घाबरू नका, ते केमिकल नाही. हिरवे दाणे म्हणजे ग्लॉकोनाइट, कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता त्याच्या तळाशी तयार झालेलं खनिज. इथले लोक त्याला ग्रीनसँड किंवा मार्ल म्हणतात, तुमच्याच काउंटीतल्या मार्लबरो गावाचं नाव त्यावरून पडलंय. एकोणिसाव्या शतकात शेतकरी हे मार्ल खाणीतून काढून गाड्या भरभरून शेतात टाकायचे, कारण त्यात पालाश (पोटॅशियम) असतं. (1858 मध्ये न्यू जर्सीतल्याच हॅडनफील्डला हॅड्रोसॉरस डायनोसॉरचा सांगाडा निघाला तोही अशाच मार्लच्या खड्ड्यातून, मला हे फार आवडतं.) पण ते पालाश फार हळू सुटतं, म्हणून माती हिरवी आहे तर खत नको असं समजू नका. तरी वाळूपेक्षा ही माती ओल आणि अन्न कितीतरी जास्त धरते, भाजीचे वाफे मागेच करा.

तुमच्या काउंटीत दोन वेगळ्या जमिनी शेजारी शेजारी येतात. आतल्या बाजूला फ्रीहोल्ड, कॉलिंग्टन अशा पोयट्याच्या जमिनी, आणि दक्षिणेला ओशन काउंटीकडे गेलं की पाइन बॅरन्स या पाइनच्या जंगलपट्ट्याची पांढरट आंबट वाळू. यूएसडीएच्या (अमेरिकेचं कृषी खातं) वेब सॉइल सर्व्हे या ऑनलाइन नकाशावर घराभोवती चौकोन काढला की जमिनीचं नाव येतं, फक्त बिल्डरने भराव टाकला असेल तर नकाशावर विसंबू नका.

आणि तो कोपरा आत्ता अजिबात उकरू नका!! इथल्या काही खोल थरांत पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असतं, जमिनीखाली असेपर्यंत गप्प, वर येऊन हवा लागली की त्यातून सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकी माती आंबट) 4 च्याही खाली जातो. त्या जागेची टेस्ट वेगळी करा.

टोमॅटोकाका
बुडं काळी पडतात ती कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्यामुळे, आणि वाळूत त्याचं मुख्य कारण म्हणजे पाणी एक दिवस भरपूर आणि मग दोन दिवस कोरडं. थोडं थोडं पण नियमित द्या, वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घाला. मी दर शरद ऋतूत पानं गोळा करून वाफ्यातच कुजवतो, वाळूत कंपोस्ट लवकर संपतं त्यामुळे एकदा टाकून भागत नाही, दरवर्षी टाकावंच लागतं.

चुन्याने आंबटपणा कमी होतो, पण तो अंदाजाने टाकू नका हो. रटगर्स विद्यापीठाच्या माती तपासणी लॅबला माती पाठवा, प्रत्येक भागातून दहा-बारा ठिकाणची सहा इंचापर्यंतची माती प्लास्टिकच्या बादलीत मिसळून, पुढची वेगळी मागची वेगळी. भाज्यांना पीएच 6 ते 6.8 लागतो. वाळूला थोडाच चुना पुरतो म्हणून जास्त पडायची भीती, आणि त्याचा परिणाम यायला काही महिने लागतात तेव्हा हिवाळ्याआधीच टाकलेला बरा. नत्राचं खतही एकदम नको, वाळूतून ते सरळ खाली पाण्यात जातं, आमच्याकडे बार्नेगाट बे या खाडीचं पाणी त्यानेच बिघडलंय.

खाऱ्यावाऱ्यात
मी अगदी बीचजवळ राहते. 2012 च्या सँडी वादळात आमच्या अंगणात खारं पाणी शिरलं होतं, वाटलं संपलं सगळं, पण वाळूतून पावसाने मीठ धुऊन गेलं आणि पुढच्या वर्षी बरंच काही उगवलं. चिकण मातीत असं पटकन होत नाही. आम्हाला खरा त्रास खाऱ्या वाऱ्याचा, म्हणून समुद्राच्या बाजूला बेबेरी आणि बीच प्लम या झुडपांचं कुंपण केलंय, भाजी त्याच्या आडोशाला. तुम्ही इतक्या आत आहात, तुम्हाला मिठाची काळजी नको.

वाफेवाली
सगळ्यांचे खूप खूप आभार! रिपोर्ट आला. पीएच पुढे 5.1, मागे 5.8, आणि तो कोपरा 3.6!! मातीतलेहात, तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. मागे रिपोर्टमध्ये दिलाय तेवढाच चुना टाकलाय. पुढच्या वाळूचं काय करू?

मातीतलेहात
पुढे ब्लूबेरी लावा की! तिला 4.5 ते 5 च्या आसपासच लागतं, म्हणजे चुना टाकायचाच नाही, फक्त पीट नाहीतर पाइनची साल मिसळा आणि पाणी चुकवू नका. जंगली ब्लूबेरी पहिल्यांदा शेतात आणली ती इथेच, बर्लिंग्टन काउंटीत व्हाइट्सबॉगला, एलिझाबेथ व्हाइट आणि यूएसडीएचे वनस्पतिशास्त्रज्ञ कोव्हिल यांनी, 1916 ला पहिलं पीक विकलं, आणि तेही अशाच आंबट वाळूत. दोन वेगळ्या जाती लावा, फळ जास्त धरतं. कोपऱ्यात रिपोर्टप्रमाणे चुना मिसळून वर फूटभर चांगली माती घाला आणि आधी गवत येतंय का बघा, भाजी तिथे इतक्यात नको.