मुंबई-नागपूर विमानाने: नेमका किती वेळ धरू?

दिवाळीत आईला डोंबिवलीहून नागपूरला मामाकडे न्यायचंय. तिचे गुडघे दुखतात. तिकिटावर दीड तास दिसतो. घरातून निघून मामाच्या दारात पोचेपर्यंत किती धरू?

सोनेगावकर: ताई, हवाई अंतर सुमारे 680 किमी. दीड तासात धावपट्टीकडे जाण्यायेण्याचा वेळही आला. पण डोंबिवली ते विमानतळ दोन तास सहज जातात, वर दोन तास आधी हजर राहायचं. नागपूरचा विमानतळ मात्र गावातच समजा. एकूण सहा-साडेसहा तास. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, आईंना रांगेत उभं ठेवू नका.

घाटरस्ता: 701 किमीचा समृद्धी महामार्ग जून 2025 पासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला आहे, तुम्हाला जवळच. तरी आठेक तास बसून गुडघे आखडतील.

सोनेगावकर: त्यापेक्षा विदर्भ एक्सप्रेस! कल्याणला थांबते. खालचा बर्थ मिळाला की आई रात्रभर पाय पसरून झोपतील, सकाळी नागपूर. माझ्या आईला मी असंच नेतो.

प्रश्नकर्ती: कल्याण सुचलंच नव्हतं. आईला विचारते. खालचा बर्थ नाहीच मिळाला, तर विमान.