जर्मनीला मास्टर्सला जातोय, बँकेचं खातं कुठलं काढू?

खानापूरचा_मेकॅनिकल:
नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातला, गेल्या वर्षी बेळगावात मेकॅनिकल झालं, आता केम्निट्झच्या युनिव्हर्सिटीत ऑक्टोबरचं ॲडमिशन आलंय. एपीएस, म्हणजे मार्कशीट-डिग्रीची तपासणी, झाली, बेंगळूरला व्हिसाची फाईल लावायची आहे आणि सगळं खात्यावर येऊन अडकलंय. ब्लॉक्ड अकाउंट काढ म्हणतात, त्यात फिन्टिबा, एक्स्पॅट्रिओ, कोराकल अशी तीन नावं, पुण्याचा एक मित्र म्हणतो एन२६ ही मोबाईलवरची बँक घे सगळं फ्री आहे, दुसरा म्हणतो श्पारकासे, ती तिकडची शाखांवाली बँक, तीच घे, आणि बाबा म्हणतात आपल्याच बँकेत पैसे ठेव आणि तिकडं एटीएमनं काढत जा. बाबांची वीटभट्टी आहे, थोडे पैसे सोसायटीत ठेव म्हणून आहेत आणि बाकीचं एज्युकेशन लोन करायचं चाललंय. माझं इथलं खातं शाळेत असताना स्कॉलरशिपसाठी काढलेलं, त्याला नंबर पण बाबांचाच आहे. तर नक्की कुठलं खातं घेऊ आणि कधी? घरातलं याआधी कुणी बाहेर गेलेलं नाही, त्यामुळं विचारायला कुणी नाही. जरा नीट सांगा.

वडगावची_ताई:
अभिनंदन भावा! मी चार वर्षं झाली जर्मनीतच आहे. तू काय करालास, ब्लॉक्ड, इथलं आपलं आणि तिकडचं रोजचं अशी तीन वेगवेगळी खाती एकच समजून त्यातलं चांगलं कुठलं ते विचारालास. तिन्ही लागतात, खरं तिन्हीचं काम वेगळं आणि वेळ पण वेगळी.

ब्लॉक्ड अकाउंट हे व्हिसासाठी. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायला लागतात, आणि तू पोचलास की त्यातले महिन्याला ९९२ युरो तुला मिळत राहतात, एकदम उचलता येत नाहीत. तू नावं लिहिलीस त्यातलं कुठलंही घे, काम तेच करतात, फी आणि इन्शुरन्सचं पॅकेज बघून ठरव, त्यात आठवडा घालवू नको.

घालवायचाच असेल वेळ तर पैसे पाठवायच्या फॉर्मवर घालव. माझं काय झालं सांगते. बाबांनी बेळगावातल्या एका बँकेतून बरोबर मोजून पैसे लावून दिले, फॉर्मवर चार्जेस कुणी भरायचे त्या रकान्यात शेअर्डवर टिक झालेली, ती कुणी बघितलीच नाही. मधल्या बँकेनं वाटेतच आपला चार्ज कापून घेतला आणि तिकडं २० युरो कमी पोचले. फक्त २० युरो! खरं पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय कन्फर्मेशन देत नाहीत म्हटल्यावर परत बँकेत जा, परत तोच ए२ फॉर्म, परदेशी पैसे पाठवायचा, परत सही, आणि २० युरो पाठवायला चार्ज त्यापेक्षा जास्त. नऊ दिवस गेले त्यात. व्हिसाची अपॉइंटमेंट उद्यावर आली होती, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसले तरी कन्फर्मेशन नाही, धारवाड सोडल्यावर कुठंतरी मेल आला. आई शेजारी बसून रडायलेली. म्हणून सांगते, फॉर्मवर ओयूआर, म्हणजे सगळे चार्जेस पाठवणाऱ्याचे, असंच टिक करून घे, काउंटरवर उभं राहून स्वतः बघ, आणि वर ५० एक युरो जास्तच पाठव. सेटअप फी वेगळी असते ती पण धर.

तिसरं ते तिकडचं रोजचं खातं, त्याला गिरोकोंटो म्हणतात. ते इथून काढायचा हट्ट नको. तिकडं पोचल्यावर घराचा पत्ता रजिस्टर करायचा असतोय, आनमेल्डुंग, दोन आठवड्यांच्या आत, तो कागद हातात आला की गिरोकोंटो, आणि गिरोकोंटोचा आयबॅन, म्हणजे खाते नंबर, दिला की ब्लॉक्डमधले ९९२ सुरू. ही साखळी आहे, एक कडी लांबली की पुढचं सगळं लांबतंय. मला रूम मिळायलाच तीन आठवडे लागले, तोवर एक पैसा हातात नाही. दीड-दोन महिन्यांचा खर्च फॉरेक्स कार्डावर आणि थोडा कॅश असा वेगळा घेऊन ये, ब्लॉक्डच्या भरवशावर विमानात बसू नको.

निपाणीकर_सध्या_ड्रेस्डेन:
ताईचं सगळं बरोबर. एन२६ की श्पारकासे हे मात्र मी दोन्ही वापरून सांगतो. एन२६ चं ॲप इंग्लिशमध्ये, मोबाईलवर सगळं होतंय, नवीन माणसाला सोपं जातंय. खरं आमच्या गल्लीतल्या बेकरीत पाटी आहे, फक्त कॅश नाहीतर गिरोकार्ड, म्हणजे जर्मन बँकांचं आपलं डेबिट कार्ड, आणि एन२६ सोबत येतंय ते डेबिट मास्टरकार्ड. पहिल्या महिन्यात ब्रेड हातात घेऊन परत ठेवायला लागला होता मला, मागं रांग उभी, लय वाईट वाटलं. श्पारकासेमध्ये गिरोकार्ड मिळतंय, शाखा असते, समोर माणूस असतोय, जर्मन कच्चं असलं तरी कागद दाखवून काम होतंय. प्रत्येक शहराची श्पारकासे वेगळी आणि नियम पण वेगळे, विद्यार्थ्याला फ्री कुठल्या वयापर्यंत ते केम्निट्झच्या शाखेत विचार. आणि एटीएम आपल्याच बँकेच्या गटाचं बघून काढ, दुसऱ्याच्या मशीनला चार्ज पडतोय.

ऑनलाइन ओळख पटवताना इंडियन पासपोर्ट सगळ्यांकडं चालतोच असं नाही, नाही झालं तर घाबरू नको, पोस्टात जाऊन पासपोर्ट दाखवून ओळख पटवायची, पोस्टआयडेंट, होतंय काय बघ नाहीतर सरळ शाखेत जा. एखाद्या बँकेनं नाही म्हटलं तरी तिथं कायदेशीर राहणाऱ्या माणसाला साधं खातं, बाझिसकोंटो, मागायचा हक्क आहे, २०१६ पासून कायदाच आहे.

खातं झालं की त्यातून आपोआप पैसे जायला लागतात हे पण लक्षात ठेव. हेल्थ इन्शुरन्स महिन्याला १४० युरोच्या वर, घरभाडं, आणि रुंडफुंकचं, म्हणजे रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, १८.३६, ते घराला एकच असतंय, रूममेट आधीच भरत असेल तर तसं कळवून टाक, नाहीतर दोघांना पत्रं येत राहतात.

टिळकवाडीचे_काका:
बाळा, मी बँकेत ३४ वर्षं काढली, आता रिटायर आहे. ही मुलं तिकडचं छान सांगतायत, मी इकडचं सांगतो कारण घरातली माणसं इथंच चुकतात.

सोसायटीतून परदेशी पैसे जात नाहीत. ठेव मोडून आधी फॉरेन एक्स्चेंजचं काम करणाऱ्या बँकेत बाबांच्या खात्यावर आणा, आणि हे शेवटच्या आठवड्यात करू नका, मोठी ठेव मोडायला सोसायटीवाले दिवस लावतात. खानापूरच्या शाखेत फॉरेक्स होत नसेल तर बेळगावच्या मोठ्या शाखेत चौकशी करा. ॲडमिशन लेटर, पासपोर्ट, पॅन, ब्लॉक्ड अकाउंटचे डिटेल्स, सगळ्याच्या दोन झेरॉक्स.

टीसीएसचं, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते त्या टॅक्सचं, समजून घे. १ एप्रिल २०२५ पासून एका पॅनवर वर्षाला १० लाखापर्यंत काही कापत नाहीत, आणि बँकेच्या एज्युकेशन लोनमधून गेलेल्या पैशावर तर अजिबातच नाही. तुझी रक्कम १२ लाखाच्या आसपास जाणार, म्हणून लोनचे पैसे बँकेकडूनच थेट ब्लॉक्ड अकाउंटला जाऊ देत, बाबांच्या खात्यात घेऊन मग पाठवायचा घोळ घालू नका. तरी कापलंच तर ते बुडत नाही, रिटर्न भरताना परत मागता येतंय.

आणि तुझं ते स्कॉलरशिपचं खातं. शिकायला बाहेर गेलेला मुलगा फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या, कायद्यात अनिवासी धरतात, रिझर्व्ह बँकेनं २००३ लाच ते स्पष्ट केलंय. म्हणजे ते खातं एनआरओ, अनिवासी माणसाचं इथलं खातं, करून घ्यायचं असतंय. लोक करत नाहीत, आणि मग तीन-चार वर्षांनी केवायसीला खातं फ्रीज झालं की धावपळ करतात. एनआरओवरच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस आहे, तेव्हा तुझ्या नावावर मोठी ठेव ठेवू नका, आई-बाबांच्या नावावरच राहू दे.

सगळ्यात आधी मात्र मोबाईल नंबर बदल. आजच. तुझा ओटीपी भट्टीवर बाबांच्या फोनवर येणार, तू तिकडं रात्री फोन करणार, बाबा झोपलेले, दहा मिनिटांत ओटीपी गेला. आमच्या शाखेत अशी किती मुलं मी बघितली, परदेशातून रडकुंडीला येऊन फोन करायची आणि आम्हाला काही करता यायचं नाही, कारण नंबर बदलायला स्वतः हजर लागायचं. स्वतःच्या नावावर सिम घे, इंटरनॅशनल रोमिंग इथंच चालू करून घे, दोन सिमचा फोन ने. बँकेची बरीच ॲप सिम त्याच फोनमध्ये असल्याशिवाय उघडत नाहीत. आणि रिचार्ज संपला म्हणून नंबर बंद पडू देऊ नको, ते काम धाकट्या भावा-बहिणीकडं देऊन जा.

खानापूरचा_मेकॅनिकल:
काका, ताई, दादा, खूप खूप आभार, बाबांना आत्ताच सगळं वाचून दाखवलं, ते म्हणतात काकांना नमस्कार सांग. अजून एक अडचण. माझ्या इथल्या खात्यावर शाळेतल्यासारखं इनिशियल टाकून नाव आहे, आधी दोन अक्षरं आणि मग आडनाव, आणि पासपोर्टवर पूर्ण नाव. मार्क्स कार्डवर अजून तिसरंच. चालेल का?

वडगावची_ताई:
आपल्याकडं कर्नाटकात सगळ्यांचं हेच असतंय, माझं पण होतं. तिकडं जे जे काढशील, ब्लॉक्ड, गिरोकोंटो, इन्शुरन्स, ते सगळं पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, एक अक्षर इकडं तिकडं नको. ठेवीचे पैसे बाबांच्या खात्यातून जाणार म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव बाबांचं, त्याला हरकत नाही, रेफरन्स नंबर तेवढा बरोबर टाका. इथलं खातं मात्र पासपोर्टप्रमाणं करून घे, मार्क्स कार्डचं युनिव्हर्सिटीला विचारून ठेव.

टिळकवाडीचे_काका:
नंबर आणि नाव एकाच केवायसी फॉर्ममध्ये होतंय, दोन फेऱ्या मारू नको. आधारवर पण नाव तेच आहे का आधी बघ, नसेल तर पहिल्यांदा आधार, मग बँक. सोमवारी गर्दी असते, मंगळवारी सकाळी बाबांना घेऊन जा, जुनं पासबुक बरोबर असू दे.

खानापूरचा_मेकॅनिकल:
आधारवर पूर्ण नाव आहे काका, बघितलं. मंगळवारी जातो.