हॉट सीटवरून हरून आलेल्या माणसाला खरंच काही येत नसतं का?

बिनचूक :
सोफ्यावर पाय पसरून "अरे, एवढंही येत नाही?" म्हणणाऱ्यांतला मीही एक होतो. मग एका कार्यक्रमात (नाव विचारू नका) स्वतः स्पर्धक म्हणून बसलो आणि पाचव्याच प्रश्नाला बाहेर पडलो. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं, असं उत्तर. पण सकाळपासून बसवून ठेवलेलं, नंबर लागला संध्याकाळी. तोंडावर दिवे, शर्टाच्या आतून माईकची वायर, एसीने गारठलेली बोटं. बरोबर पर्याय समोर दिसत होता आणि बघता बघता दुसराही बरोबर वाटायला लागला. वर प्रसारणात माझा पाऊण मिनिटाचा विचार कापून चार सेकंदांचा केला, त्यामुळे मी नुसता बावळटच नाही तर उतावळाही दिसलो.

माझं मत असं की ज्ञान हे आत शिरायचं तिकीट. पुढे खेळ सगळा धीराचा.

शंकेखोर :
हरून आलेला प्रत्येक जण हेच म्हणतो. केन जेनिंग्जने 2004 मध्ये 'जेपर्डी' या अमेरिकी प्रश्नमंजूषेचे सलग 74 खेळ जिंकले. धीर एखाद्या दिवशी साथ देईल. 74 वेळा साथ देतं ते वाचन.

दुसरी_घंटा :
शंकेखोर, उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. जेपर्डीत प्रश्न वाचून संपेपर्यंत बझर बंद असतो. फळ्याच्या बाजूचे दिवे लागले की चालू होतो, आणि त्याआधी दाबलात तर पाव सेकंद तुमचं बटण मरतं. पुष्कळ प्रश्नांची उत्तरं तिन्ही स्पर्धकांना येत असतात, मिळतात ती ज्याला ताल सापडला त्याला. 2011 मध्ये वॉटसन या संगणकाने जेनिंग्जला हरवलं तेव्हा बझरवरूनच केवढा वाद झाला. यंत्राचा अंगठा थरथरत नाही हो.

शंकेखोर :
बटणाचं मान्य. पण 'मिलियनेअर' प्रकारात (2000 पासून आपल्याकडे आलेला करोडपती त्याचाच अवतार) हॉट सीटवर बसल्यावर कसलं बटण? 1998 च्या मूळ ब्रिटिश खेळात तर घड्याळही नव्हतं, हवा तेवढा वेळ घ्या. अमेरिकेत 1999 मध्ये जॉन कारपेंटरने शेवटच्या प्रश्नाला वडिलांना फोन लावला, तो मदत मागायला नाही, "मी जिंकतोय" एवढं सांगायला. याला तुम्ही धीर म्हणाल. मी म्हणेन, गड्याला उत्तर येत होतं, म्हणून धीर आला.

हिशेबी :
तुम्ही दोघंही पैशांच्या शिडीकडे बघतच नाही आहात. त्याच ब्रिटिश खेळाची तेव्हाची शिडी बघा. हातात 16,000 पौंड आहेत. पुढचं बरोबर आलं तर 32,000, चुकलं तर थेट 1,000. दोन पर्यायांत अडकलात आणि सरळ तुक्का मारलात, तर सरासरी 16,500. म्हणजे कागदावर खेळणंच किंचित फायद्याचं. पण सरासरी शंभर वेळा खेळणाऱ्याची. हा माणूस आयुष्यात एकदाच बसलाय. मी उठेन.

गंमत पुढच्या पायरीवर आहे. 32,000 सुरक्षित. 64,000 चा प्रश्न चुकला तरी तेवढेच राहतात. तिथे "मी थांबतो" म्हणणं शुद्ध वेडेपणा. उत्तर माहीत नसलं तरी डोळे मिटून बोट ठेवायचं. यात ना ज्ञान, ना धीर. नियम नीट वाचलेले असले की झालं.

बिनचूक :
हिशेब पटला, पण तो घरी. तिथे बसल्यावर 15 हजार जाणार हे दिसतं, 16 मिळणार हे दिसत नाही.

निवांत :
आणि निर्मात्यांनी ठरवलं तर यातलं काहीच चालत नाही. 1956 मध्ये अमेरिकेत 'ट्वेंटी-वन' या प्रश्नमंजूषेतल्या हर्ब स्टेम्पेल या स्पर्धकाला आदल्या वर्षीच्या ऑस्करविजेत्या चित्रपटाचं नाव मुद्दाम चुकवायला लावलं होतं. उत्तर त्याला पक्कं माहीत! का, तर त्याचा प्रतिस्पर्धी व्हॅन डोरेन जिंकायला हवा होता. 1959 मध्ये व्हॅन डोरेनने काँग्रेससमोर (म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर) सगळं कबूल केलं आणि 1960 मध्ये असल्या फिक्सिंगविरुद्ध कायदा आला.

शंकेखोर :
तो फसवणुकीचा विषय, वेगळा धागा काढा. बिनचूकराव, तो पाचवा प्रश्न तरी सांगा. झोपेत येणारा.

बिनचूक :
"कोणत्या ग्रहाचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो?" मी बुध म्हणालो.

दुसरी_घंटा :
शुक्र ना? स्वतःभोवती 243 दिवस, सूर्याभोवती 225.

बिनचूक :
हो, शुक्रच डोक्यात आला होता. मग आठवलं, बुधावर एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत 176 दिवस जातात आणि वर्ष 88 चं. त्याने घोळ झाला.

शंकेखोर :
अहो, मग दिवस म्हणजे सूर्योदय ते सूर्योदय धरला तर तुमचंच बरोबर! तसा मोजला तर शुक्राचा दिवस 117 च भरतो. प्रश्न काढणाऱ्याने दिवस कुठला ते सांगायला नको का? आणि धीराचं काय घेऊन बसलात, जास्तीचं माहीत होतं म्हणून गेलात तुम्ही. तक्रार केली होती की नाही?

बिनचूक :
हे सुचलं परतीच्या गाडीत.