जर्मन पैशातला पाणलोट: पाणी अडलं, पण कुणासाठी?

कोरडवाहू:
२०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही परदेशांना मदत देणारी आपली सरकारी संस्था गुंडाळल्यापासून एक सूर सारखा कानावर येतोय: बाहेरचा पैसा म्हणजे खिरापत, त्यातून कुणाचं भलं झालं नाही. म्हणून आपल्याच नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर) उदाहरण चर्चेला ठेवतो, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचं, म्हणजे डोंगरउतारावर पावसाचं पाणी अडवून जिरवण्याच्या कामाचं. १९८९ च्या सुमारास तो आकाराला आला. त्यामागे फादर हर्मन बाखर, स्विस जेझुइट (ख्रिस्ती धर्मगुरू), नगरच्या शेतकऱ्यांत आयुष्य घालवलेला माणूस. पैसा केएफडब्ल्यू या जर्मन सरकारी बँकेचा, अनुदान म्हणून, नाबार्ड या आपल्या ग्रामीण विकास बँकेमार्फत. गावातल्या लोकांना या कामासाठी तयार करण्याचा खर्च जीटीझेड या जर्मन सरकारच्या तांत्रिक मदत संस्थेकडून. त्याच कामासाठी १९९३ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे 'वॉटर', उभी राहिली.

माझं म्हणणं असं की पैशापेक्षा त्याच्या अटींनी जास्त काम केलं. ग्रामसभेत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीचा ठराव, मजुरीच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकं श्रमदान, आणि आधी छोटा तुकडा करून दाखवा, मग पुढचा निधी. माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने काम. जमिनीच्या प्रत्येक गटाचं नियोजन शेतकऱ्याला, शक्यतो नवरा-बायको दोघांना, बांधावर उभं करून. आमदाराच्या चिठ्ठीवर मंजूर झालेल्या पाझर तलावाला असली अट कधी कुणी घातली होती का? संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत १९९६ ते २००१ या काळात काम झालं. पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर. उन्हाळ्यात टँकरवर जगणारं ते गाव सावरलं.

मेंढवाडा:
अटी चांगल्या होत्या, फक्त त्या पाळायच्या कुणी, हे तुम्ही सांगितलं नाही. डोंगर बंद झाला की पाणी उतरतं पायथ्याच्या विहिरीत. विहीर ज्याची जमीन त्याची. आणि डोंगरावर चरत कुणाच्या शेळ्या होत्या? ज्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं त्यांच्या. ठराव हात वर करून झाला म्हणता; ज्याच्या शेतात वर्षभर मजुरीला जायचं त्याच्यासमोर कोण हात खाली ठेवणार?

कोरडवाहू:
मेंढवाडा, मुद्दा खरा आहे, पण तो त्यांना दिसत नव्हता असं नाही. भूमिहीन आणि एकट्या बाईवर चालणाऱ्या गरीब घरांना श्रमदान माफ होतं. दरेवाडीत मेंढपाळांनी हरकत घेतली तेव्हा रान एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद केलं. शिवाय चर खणायची मजुरी गावातच मिळाली, ऊसतोडीला जाणं काही घरांचं टळलं.

मेंढवाडा:
मजुरी चर खणून होईपर्यंत. शेळी दर वर्षी विते.

काळा पाषाण:
तुमचं दोघांचं वाटणीवरून चाललंय, मी म्हणतो वाटायला उरतं किती ते बघा. आपल्याकडचा खडक बेसॉल्ट. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि भेगा, त्यांची साठवण मुळात बेताची. पाणलोटाने ती भरते हे मान्य. पण विहिरीला पाणी आलं की बाजरी-मटकी जाते, कांदा-टोमॅटो येतो, डाळिंब येतं, मग शेजाऱ्यापेक्षा खोल बोअर येतो. अडवलेलं पाणी सगळ्यांचं आणि उपसलेलं मोटरवाल्याचं. झाडं तोडायची नाहीत यावर ठराव झाले, बोअर मारायचे नाहीत यावर किती गावांत झाले? तिथे आपल्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार वेगळं ठरतं. सिंचनासाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, दर वर्षी पाण्याचा ताळेबंद. आणि तिथे जर्मन मार्क नव्हता. आदर्श गाव योजना आणि रोजगार हमी, सगळा आपल्याच सरकारचा पैसा. मग परदेशी मदत हवीच कशाला?

कोरडवाहू:
हिवरे बाजारला सरपंच पोपटराव पवार होते, आणि ते वर्षानुवर्षं टिकले. ज्या गावात असा माणूस नाही तिथे काय करायचं? रोजगार हमी चराची मजुरी देते. भांडण मिटेपर्यंत गावात मुक्काम ठोकणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार तिच्या कुठल्या रकान्यात बसतो? तो भाग जीटीझेडच्या पैशाने उचलला. नंतर १९९९-२००० मध्ये केंद्राचे १०० कोटी आणि नाबार्डचे १०० कोटी घालून पाणलोट विकास निधी झाला, तो याच पद्धतीचा धागा धरून. बाहेरच्या पैशाने आधी करून दाखवलं, मग आपल्या सरकारने घेतलं. मदतीकडून याहून जास्त मी मागत नाही.

बोअरबद्दल मात्र माझ्याकडे बचाव नाही. ती अट तेव्हाच घालायला हवी होती.

जमाखर्च:
मी एका लहान संस्थेचे हिशेब बघतो, म्हणून थोडी वेगळी बाजू. सरकार ते सरकार आलेला पैसा नाबार्डमधून खाली येतो, त्याचं एक बरं असतं. तालुक्याच्या संस्थेला मात्र थेट कुणी परदेशी दाता ओळखत नाही. तिला पैसा यायचा मोठ्या संस्थेकडून. २०२० मध्ये परकीय अंशदान कायदा (परदेशी देणग्यांवरचा, एफसीआरए) बदलला आणि मोठ्या संस्थेने तो पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायला पूर्ण बंदी आली. गैरव्यवहार होत होते, नाही म्हणत नाही. कागदावरच्या संस्था मीही पाहिल्यात. पण दंड सगळ्यांना एकच झाला. कोरडवाहूंनी ज्या मुक्काम ठोकणाऱ्या कार्यकर्त्याचं कौतुक केलं, तो आमच्याकडचा आता सोलर पंपाच्या एजन्सीत आहे.

काळा पाषाण:
म्हणजे उपसा वाढवायला. छान.

मेंढवाडा:
जमाखर्च, तुमच्या कार्यकर्त्याबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण माझा प्रश्न अजून तिथेच आहे. बंद रानातलं गवत पुढे कापून न्यायला मोकळं झालं, बरोबर? शेळी स्वतः चरून यायची, गाईला भारा आणून घालावा लागतो, आणि तो आणतात बाया. दूध डेअरीत घालतो पुरुष, खातं त्याच्या नावावर. बांधावर नवरा-बायको दोघांना उभं केलं म्हणता ना, मग डेअरीच्या खात्यावर दोघांची नावं घाला, ही अट कुणी घातली होती का ते सांगा.

कोरडवाहू:
बचत गट होते, संयुक्त महिला समित्या होत्या. डेअरीच्या खात्याची अट माझ्या माहितीत तरी नव्हती.