मदत हवी आहे: स्कूटरला किरकोळ धक्का, आता पंधरा हजारांची मागणी. पोलिसांत जावं का?

काल संध्याकाळी सातच्या सुमारास सिंहगड रोडवर एक स्कूटर उलट्या दिशेने आली आणि माझ्या गाडीच्या डाव्या हेडलाइटखाली घासली. चालवणारे काका पन्नाशीचे. कोपर सोलवटलं, आरसा तुटला. मी गाडी बाजूला लावली, त्यांना समोरच्याच दवाखान्यात नेलं. ड्रेसिंग, टिटॅनसचं इंजेक्शन झालं, बिल मी भरलं. "चूक माझीच, जाऊ द्या" म्हणत काका स्वतः स्कूटर चालवत गेले. फोन नंबर मात्र घेतले-दिले होते.

आज सकाळपासून त्यांच्या पुतण्याचे फोन. हाडाला क्रॅक आहे, पंधरा हजार पाठवा, नाहीतर केस करतो. एक्स-रे मागितला तर म्हणे "तो कोर्टातच बघा".

बाबा म्हणतात, देऊन टाक आणि मोकळा हो. गाडी त्यांच्या नावावर, त्यामुळे धास्ती जास्त. मला वाटतं आपण होऊन पोलिसांना कळवावं; पण मग माझ्यावरच गुन्हा आणि गाडी ठाण्यात, असं तर नाही ना होणार? एवढ्याशा अपघातात कायद्याने मी नेमकं काय करायला हवं? फुल विमा चालू आहे, लायसन्स, पीयूसी सगळं ठीक.

रानवारा:
बाबांना थांबवा आधी. मोटार वाहन कायदा 1988, कलम 134. कुणी जखमी झालं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं की चालकाची तीन कामं: उपचाराची सोय, पोलिसांना माहिती, विमा कंपनीला लेखी कळवणं. पहिलं तुम्ही केलंत. जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा 24 तासांत कळवायचं असतं. म्हणजे तुमच्याकडे आज सातपर्यंत वेळ आहे. न कळवल्यास कलम 187 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जखम किरकोळ होती म्हणून यातून सूट नाही.

साधा अर्ज लिहा, दोन प्रती. वेळ, ठिकाण, स्कूटरचा नंबर, दवाखान्याचं नाव, आणि पुतण्याचे फोन. "चूक कुणाची" यावर निबंध नको, घडलं तसं लिहा. ठाणे अंमलदाराकडून दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घेतल्याशिवाय हलू नका.

चहाबाज:
अहो, कशाला? ठाण्यात पाऊल टाकलंत की चकरा सुरू. पाच-सात हजारांवर आणा आणि मिटवा.

रानवारा:
आणि पुढच्या महिन्यात परत फोन आला तर? अपघात न्यायाधिकरणात दावा लावायला त्यांना सहा महिने आहेत. तोंडी मिटवामिटवीला तिथे कोण विचारतो! गुन्हा नोंदला गेलाच तर बहुधा भारतीय न्याय संहितेची 281 (बेदरकारपणे गाडी चालवणं) आणि 125(अ) (त्यातून दुखापत) ही कलमं लागतील, दोन्ही जामीनपात्र. गाडी तपासणीला ठेवली तरी सोपस्कार झाल्यावर 24 तासांत परत द्यायची, असं कलम 136 सांगतं. पाठपुरावा करावा लागतो, ते वेगळं.

निळीछत्री:
विम्याच्या बाजूने सांगते, याच कामात आहे. कंपनीच्या संमतीशिवाय कबुली किंवा पैसे देऊ नयेत, ही अट पॉलिसीत छापलेली असते. पंधरा हजार पाठवलेत तर ते परत मिळणं विसरा, शिवाय यूपीआयची नोंद तुमच्याच विरुद्ध दाखवतील. दवाखान्याची पावती जपा, त्यावर फक्त ड्रेसिंग लिहिलं असेल तर क्रॅकचं काय ते आपोआप कळेल. स्वतःच्या बंपरचा क्लेम टाकायचा की नाही ते सावकाश ठरवा, कारण त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. कळवणं मात्र आजच.

धागाकर्ता:
मंडळी, आभार. निघतोच आहे. पॉलिसी बाबांच्या नावावर आहे, मग कंपनीच्या पत्रावर सही कुणाची?

निळीछत्री:
कलम 134 ची जबाबदारी चालकाची, म्हणजे तुमची. पॉलिसीधारक म्हणून बाबांचीही घ्या. ईमेलने पाठवा, पॉलिसी नंबर आणि तुमचा लायसन्स नंबर त्यात हवाच. पोलिसांची पोच मिळाली की तीही जोडा, पण तिच्यासाठी ईमेल अडवून ठेवू नका.