विषय: मेलबर्न – पश्चिमेकडे तोंड असलेलं ब्रिक व्हिनिअर (आत सांगाडा, बाहेरून विटेचा थर) घर, काय बदलून घ्यावं?

नमस्कार मंडळी,
मेलबर्नच्या टार्नेट उपनगरात प्लॉट घेतलाय. रस्ता पश्चिमेला. बिल्डरच्या नमुन्यात गडद राखाडी रेंडर (विटेवरचा गिलावा), काळपट पत्र्याचं छप्पर आणि मास्टर बेडरूमला रस्त्याकडे 2100 मिमी उंच खिडकी आहे. "वीट जाड असते, ऊन आत येत नाही" असं सेल्समन म्हणतो. रंग आणि काचांवर पुढच्या आठवड्यात सही करायचीय.
– टार्नेट

---

वीट जाड खरी, पण ती चुकीच्या बाजूला आहे. बाहेरून आत मोजा: 110 मिमी वीट, साधारण 40 मिमी पोकळी, सार्किंग (सांगाड्यावरचं पातळ आवरण), 90 मिमी स्टडमध्ये (सांगाड्याच्या उभ्या पट्ट्यांमध्ये) इन्सुलेशनच्या बॅट्स म्हणजे गाद्या, 10 मिमी प्लास्टरबोर्ड. वीट इन्सुलेशनच्या बाहेर राहते, त्यामुळे हिवाळ्यात घरातली ऊब तिच्यात साठत नाही. उन्हाळ्यात मात्र ती दुपारभर तापते. जानेवारीत कुठल्याही पश्चिम भिंतीवर रात्री नऊला पंजा टेकवून बघा.

तरी भिंतीपेक्षा खिडकीची काळजी जास्त करा. डिसेंबरात संध्याकाळी साडेसहाला सूर्य जेमतेम 24 अंशांवर असतो. नेहमीच्या 450 मिमी ईव्हची (भिंतीबाहेर आलेल्या छपराच्या कडेची) सावली तेव्हा वीतभर खाली येते, बाकी सगळी काच उन्हात. आतला पडदा फारसं काही करत नाही, कारण काचेतून शिरलेली उष्णता खोलीतच राहते. खिडकी अर्धी करा, नाहीतर बाहेरून ऑनिंग (उन्हाचा आडोसा) लावा.

उत्तरेची गोष्ट उलटी. आपल्याकडे दक्षिणेचं ऊन हिवाळ्यात आत येतं, इथे ते काम उत्तर करते. म्हणून बैठकीच्या मोठ्या खिडक्या उत्तरेला घ्या. ईव्ह किती हवी? खिडकीच्या तळापासून ईव्हच्या खालच्या कडेपर्यंतच्या उंचीच्या 45 टक्के. उंची 2400 असेल तर 1080 मिमी. जून महिन्यात दुपारी सूर्य 29 अंशांवर असतो, तेव्हा या ईव्हची सावली सुमारे 600 मिमीच पडते, खालची काच मोकळी राहते.

छपराचा रंग बदलाच. रंगाच्या तक्त्यात सोलर अॅब्सॉर्प्टन्स छापलेला असतो, म्हणजे रंग उन्हाचा किती हिस्सा शोषतो ते: पांढुरका 0.3 च्या आसपास, कोळशासारखा 0.7 च्या वर. आधी इस्टेटची डिझाइन गाइडलाइन्स वाचा, काही ठिकाणी फिकट छप्पर चालत नाही.
– ग्लेन वेव्हर्ली

---

वरच्या मेलला माझी पुस्ती. सगळीकडे एकच डबल ग्लेझिंग (दुहेरी काच) घेऊ नका. कमी एसएचजीसीची (उन्हाची उष्णता किती आत येते त्याचा आकडा) काच पश्चिमेला ठीक, पण तीच उत्तरेला लावली की हिवाळ्याचं फुकटचं ऊन बाहेरच अडतं. कोटेशनमध्ये प्रत्येक खिडकीपुढे यू-व्हॅल्यू (खिडकीतून उष्णता किती सहज आरपार जाते ते) आणि एसएचजीसी लिहून मागा. नुसती काच नाही, फ्रेमसकट आकडा हवा. साध्या अॅल्युमिनियम फ्रेममधून उष्णता सरळ जाते, थर्मली ब्रोकन (मध्ये उष्णता अडवणारा तुकडा असलेली) विचारा.

रेंडर करताना विटांच्या तळच्या ओळीतली वीप होल्स (पाणी निघायची भोकं) हमखास बुजतात. ती एकमेकांपासून 1200 मिमीपेक्षा लांब नसावीत आणि उघडी हवीत, पोकळीतलं पाणी तिथूनच निघतं. म्हणूनच पोकळीत नंतर कोणी इन्सुलेशन भरून देतो म्हणाला तरी भिंतीत पाणी झिरपणार नाही याची लेखी खात्री घ्या.

प्लास्टरबोर्ड चढण्याआधी आत शिरून फोटो काढा. वायरिंगमागे दाबलेली बॅट, खिडकीच्या बाजूला राहिलेली फट, पॉवरपॉइंटपाशी कापलेला तुकडा, हे सगळं त्यानंतर दिसत नाही.

आणि दिशा फोनवर बघत असाल तर सेटिंगमध्ये 'ट्रू नॉर्थ' चालू करा. मेलबर्नमध्ये होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे 12 अंश पूर्वेला झुकते.
– पॉइंट कुक