मृत्यूदराच्या सांख्यिकी प्रारूपावरून रुग्णालयातील जोखीम घटली असे म्हणता येईल का?

धागाकर्ता: इंग्लंडमध्ये डॉक्टर-संशोधक ब्रायन जार्मन यांनी विकसित केलेले रुग्णालयांचे प्रमाणित मृत्यू गुणोत्तर २००१पासून प्रसिद्ध होऊ लागले. वय, लिंग, निदान आणि सहव्याधी यांवरून अपेक्षित मृत्यू काढायचे, प्रत्यक्ष मृत्यूंना त्या संख्येने भागून १००ने गुणायचे, अशी ही पद्धत आहे. इंग्लंडमधल्याच मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयाचा आकडा शंभराच्या बराच वर असताना व्यवस्थापनाने नोंदींच्या त्रुटींकडे बोट दाखवले. प्रत्यक्षात तिथले रुग्ण अन्नपाण्यावाचून, अस्वच्छ अंथरुणात पडून राहत होते, हे पुढे वकील रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीत उघड झाले. त्यामुळे जोखीम वाढली की घटली, हे अशाच प्रारूपाने तपासावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १: मी असहमत आहे. अंतिम अवस्थेतील रुग्णाची ‘उपशामक उपचार’ (आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करणारे उपचार) अशी नोंद वाढवली की अपेक्षित मृत्यू वाढतात आणि शुश्रूषेत तसूभरही फरक न पडता गुणोत्तर सुधारते. शिवाय २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३४ रुग्णालय-संस्थांमधील ३,४०० मृत्यूंची कागदपत्रे डॉक्टरांनी तपासली, तेव्हा बहुधा टाळता आले असते असे मृत्यू ३.६ टक्के निघाले आणि या गुणोत्तराशी त्यांचा लक्षणीय संबंध आढळला नाही. ज्या मापाला टाळण्याजोगा मृत्यू ओळखता येत नाही, त्यावरून सुरक्षितता कशी ठरवणार?

प्रतिसाद २: नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २०२३मध्ये २४ तासांत २४ मृत्यू झाले, तेव्हा आपल्याकडे केवळ कच्च्या आकड्यावर वाद झाला. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून अखेरच्या क्षणी पाठवलेले रुग्ण जिथे येतात, तिथे दाखल होतानाची तब्येत नोंदवल्याशिवाय रुग्णालयाला दोष देणे किंवा दोषमुक्त करणे, दोन्ही अन्यायाचेच आहे. सदोष का होईना, प्रारूप हवे.

प्रतिसाद १: हवे, पण कुठे पाहावे हे सुचवण्यापुरतेच. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचे तेव्हाचे वैद्यकीय संचालक ब्रूस कीओ यांनी २०१३मध्ये सलग दोन वर्षे मृत्यूप्रमाण चढे असलेल्या १४ संस्था तपासल्या. अशी निवड केली की आकडा काही अंशी आपोआपच सरासरीकडे उतरतो, कारण चढ्या आकड्यात थोडा योगायोगाचाही वाटा असतो. ती घट तपासणीनंतरच्या उपाययोजनेच्या खात्यात जमा करणे मला मान्य नाही.

धागाकर्ता: हा आक्षेप रास्त आहे, मात्र तो प्रारूपावर नसून तुलनेच्या रीतीवर आहे. निवडीच्या रेषेच्या किंचित खाली राहिल्यामुळे तपासणीतून सुटलेल्या रुग्णालयांशी, रेषेच्या किंचित वर असलेल्यांची तुलना करावी. सरासरीकडे सरकणे दोन्हीकडे जवळपास सारखेच असेल, आणि उरलेला फरक आपल्याला उपाययोजनेविषयी काही सांगू शकेल.